कोरी पुडी

१

कोरी पुडी चमकली, तेव्हा त्या अंधाऱ्या खोलीत चौघंजण होते, आणि चौघांनीही आधी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं.

भूजल केंद्राचं काम सांगायला सोपं असतं. जमिनीखालचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते शोधायचं. या वेळी प्रश्न एका टेकडीचा होता. टेकडी चुनखडीची, आतून सगळी पोखरलेली. वर एक जुनी खाण आणि खाणीच्या तळाशी एक भोक. वरून आलेला ओढा तिथे पोचतो आणि जमीन त्याला गिळून टाकते. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, खाली, एक वस्ती आहे. तिथे ना विहीर, ना नळ. खडकातून फुटलेला एक झरा, त्यावर सगळी घरं चालतात. नगरपालिकेला त्या खाणीत कचरा डेपो करायचा होता. ओढ्याचं पाणी झऱ्यात उतरतं असं सिद्ध झालं तर डेपो रद्द, नाही झालं तर येत्या सभेत मंजूर.

हे तपासायची रीत जुनीच आहे. वरच्या भोकात हिरवा रंग ओतायचा आणि खाली झऱ्यात कोळशाच्या पुड्या टांगायच्या. वाटेत रंग इतका पातळ होतो की डोळ्यांना दिसत नाही, पण कोळसा तो धरून ठेवतो. मग तो कोळसा द्रावणात भिजवला की रंग सुटतो आणि निळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. भीती एकच असते. हा रंग हाताला, कपड्याला, दाराच्या कडीला आठवडेच्या आठवडे चिकटून राहतो. म्हणून रंग ओतणारा आणि पुड्या हाताळणारा या दोघांनी त्या दिवसांत एकमेकांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. गाडी वेगळी, कप वेगळा, हात धुवायचा नळ वेगळा.

एवढं करूनही खात्री हवी म्हणून एक कोरी पुडी असते. ती पाण्यात जात नाही. डब्यात बसून इतर पुड्यांबरोबर झऱ्यापर्यंत जाते आणि तशीच परत येते. ती काळी राहिली तर बाकीच्यांची साक्ष खरी. ती चमकली तर कोणाचे तरी हात बरबटलेले होते आणि अख्खी चाचणी बाद.

आधीच्या खेपांच्या पुड्या काळ्या निघाल्या होत्या. सभेपूर्वीची ही शेवटची खेप. झऱ्यातल्या पुड्या हिरव्यागार चमकल्या, तेव्हा ताईनं डोळे मिटून घेतले. पुड्यांचं काम तिचं होतं आणि ती त्याच वस्तीतली मुलगी. तिची आई अजून तिथेच राहत होती, त्याच झऱ्याचं पाणी पीत होती.

मग ताईनं कोऱ्या पुडीची बाटली दिव्याखाली धरली. हिरवी झाक फिकट होती, पण होती.

केंद्राच्या साहेबांनी बाटलीवर वाकून पुन्हा पाहिलं. दारापाशी उभ्या ड्रायव्हरनं मान खाली घातली. पाहणी करायला आलेल्या नगरपालिकेच्या वकिलानं घड्याळ पाहिलं.

"म्हणजे काही सिद्ध झालं नाही," तो म्हणाला. "असंच लिहायचं ना?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते सोंग नव्हतं, हे पुढे सगळ्यांनीच मान्य केलं.

२

मुख्य कार्यालयातून चौकशीला नाना आले. निवृत्तीला टेकलेला माणूस, चालताना गुडघा धरणारा. ताईला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. कार्यालयात दुसरं कोणी रिकामं नव्हतं, नाहीतर त्यांना पाठवलं नसतं.

ते उतरले तेव्हा गाड्यांच्या शेडमागे ड्रायव्हर खड्डा बुजवत होता. त्याची मांजर मेली होती. केंद्रातल्या प्रत्येक खुर्चीवर तिचा हक्क असे, म्हणून तो तिला बाईसाहेब म्हणायचा. दोन दिवस दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होती, मग ओकली, मग गेली. "म्हातारी नव्हती हो," तो म्हणाला आणि नानांची बॅग उचलायला हात पुसू लागला.

पहिला संशय अर्थातच रंग ओतणाऱ्यावर. त्याला सगळे रंगारी म्हणत. त्याच्या नखांच्या कडा अजून हिरव्या होत्या. नाना त्याला टेकडीवरच्या खोपट्यात जाऊन भेटले. रंग ओतल्यापासून तो तिथून हललाच नव्हता, वर त्याच्यासोबत खाणीचा पहारेकरीही होता. ताईबद्दल विचारलं तर त्यानं आडपडदा ठेवला नाही. मागच्या टेकडीचं काम दोघांनी केलं, अहवालावर नाव एकटीचं आलं. तेव्हापासून आपण तिला पाण्यात पाहतो, हे सगळ्या केंद्राला ठाऊक आहे.

"पण नाना, माझ्याजवळ रंगाचं पिंपच आहे," तो म्हणाला. "मला बिघडवायचंच असतं तर कोरी पुडी कंदिलासारखी पेटली असती. फिकट कशाला ठेवीन?"

साहेब बोलायला गोड आणि घाबरलेले होते. नगरपालिकेचे फोन रोज येत होते. डेपो झाला तर केंद्राला नवी इमारत मिळणार, असं कोणी तरी त्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं, तेही त्यांनी स्वतःच कबूल केलं. नानांनी फेरचाचणीचं विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली. ओतलेला रंग खडकाच्या फटीफटीत अडकून बसलाय, कित्येक महिने झिरपत राहील. आता दुसरा रंग आणायचा, परवानगी काढायची, तोवर सभा होऊन जाईल. "ही एकच संधी होती," साहेब म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना थोडं हायसं वाटत असल्यासारखं नानांना दिसलं.

ड्रायव्हरचा मेहुणा नगरपालिकेच्या कचरागाडीवर होता. हे त्यानं आपणहून सांगितलं, कोणी दुसऱ्यानं सांगण्याआधी. मेहुण्याशी त्याचं बोलणं बंद आहे, हेही सांगितलं. नानांनी शेडमध्ये नजर फिरवली. गाडीच्या इंजिनात घालायच्या हिरव्या कूलंटचा डबा फळीवर होता. नानांनी तो उचलून हलवला आणि पुन्हा ठेवला.

"गाडीत कधी घातलंस हे?"

"नाही घातलं. डबा नवाच आहे."

डबा अर्धा रिकामा होता.

३

ताईला त्यांनी प्रश्न विचारले नाहीत. फक्त म्हणाले, "झऱ्यावरून आल्यावर काय काय करतेस, ते करून दाखव. जसं रोज करतेस तसं."

पुड्यांची खोली केंद्राच्या मागच्या बाजूला होती. तिला कुलूप असायचं. एक किल्ली ताईकडे, एक साहेबांकडे. ताईनं हातमोजे चढवले. रिकाम्या पुड्या घेतल्या, त्यांच्या दोऱ्या सोडल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली, ओळीनं ताटात मांडल्या. हात सराईत होते, एकही हालचाल वाया जात नव्हती. सगळं झाल्यावर तिनं कोऱ्या पुडीचा डबा उघडला, अंगठा आणि बोटामध्ये तिची गाठ चिमटीत धरून दाबली, कोरडी असल्याची खात्री केली आणि झाकण लावलं.

"झालं," ती म्हणाली.

नाना गुडघा चोळत राहिले. मग त्यांनी बाद ठरलेल्या खेपेच्या पुड्या मागवल्या. प्रत्येक पुडीतला निम्मा कोळसा फेरतपासणीसाठी राखून ठेवतात आणि पुडीचं कापडही. झऱ्यातल्या पुड्या पाण्यातून काढून काही दिवस झाले होते. त्या केव्हाच सुकायला हव्या होत्या.

नानांनी कापड बोटांत चोळलं. ते ओलसर होतं आणि बुळबुळीत. मग त्यांनी कोऱ्या पुडीच्या गाठीला स्वच्छ टीपकागद टेकवला, जी पुडी कधी पाण्यात गेलीच नव्हती.

तीही ओलसर होती.

त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. म्हणाले, "खिडक्यांना काळं कापड लाव आणि तू जाऊन चहा पी. मला दिवा हवाय."

४

दुपारच्या उन्हात त्या खोलीत अंधार झाला. नानांनी निळा दिवा लावला आणि तो जमिनीवर धरला.

बेसिनच्या खाली एक हिरवा डाग चमकत होता. कोणी तरी तो पुसला होता, पण फडक्याचे फराटेसुद्धा चमकत होते. आणि त्या डागापासून निघालेली लहान लहान पावलं होती, मांजरीची. ती टेबलाखालून गेली होती, एका जागी बराच वेळ बसून अंग चाटल्यासारखी पसरली होती आणि मग दाराकडे.

नानांनी कोऱ्या पुडीचं कापड दिव्याखाली धरलं. सगळं कापड काळं, फक्त गाठीवर दोन ठिपके. एक मोठा, एक लहान. अंगठा आणि बोट.

ते खुर्चीवर बसले. दिवा बंद करायचं त्यांना सुचलं नाही. बऱ्याच वेळानं ते उठले, बॅगेतून स्वतःचा नवा डबा, नवे हातमोजे आणि स्वतः बांधून आणलेली कोरी पुडी काढली, आणि गाडी न घेता झऱ्याकडे चालत गेले. झऱ्यात अजून एक पुडी लटकत होती. बाद ठरलेली खेप काढताना ताईनं रीतीप्रमाणे तिच्या जागी दुसरी टांगली होती. पुढे चाचणीच मोडली आणि तिची आठवण कोणाला राहिली नाही.

नानांनी ती पुडी काढली. केंद्रावर परत येऊन कोळसा भिजवला, थांबले आणि दिवा लावला.

त्यांची कोरी पुडी काळीच राहिली. झऱ्यातली पुडी चमकत होती.

५

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना आणि ताईला पुड्यांच्या खोलीत बोलावलं. रंगारीला आणि ड्रायव्हरला दाराबाहेर बसवलं, दार उघडं ठेवून. बोलताना आवाज चढवला नाही. शिकवताना जसा असायचा तसाच तो होता, कंटाळवाणा.

पुड्यांवर रंगारीचा रंग नाही, ते म्हणाले. तो पाण्यात कालवलेला असतो, सुकला की कोरडा होतो. हे मात्र अजून ओलं आहे. गाडीचं कूलंट असं असतं, ते लवकर वाळत नाही आणि कंपन्या त्यात हाच हिरवा रंग घालतात, म्हणजे दिव्याखाली फरक कळत नाही. ते चवीला गोड लागतं आणि जनावराला विष असतं. बाईसाहेबांनी या खोलीत, त्या बेसिनखाली, ते चाटलं.

बाहेर ड्रायव्हरची खुर्ची करकरली.

रंगारीजवळ पिंपभर रंग होता, त्याला कूलंटची गरज नाही. ड्रायव्हरकडे या खोलीची किल्ली नाही, आणि मांजर मरेल असं त्यानं सांडून ठेवलं नसतं. उरले किल्लीवाले दोघं.

"मी?" साहेब म्हणाले. "मला कशाला—"

"तुम्हाला काहीच करायची गरज नव्हती," नाना म्हणाले. "आधीच्या सगळ्या पुड्या काळ्या होत्या. ज्यांना डेपो हवा होता त्यांनी नुसतं हातावर हात ठेवून बसायचं होतं. चाचणी त्यांच्याच बाजूनं चालली होती. आपण सगळे विचारत बसलो, कोरी पुडी कोणी बिघडवली. ती कोणी बिघडवलीच नाही. पुडीवर नुसते दोन ठिपके आहेत. भिजवल्यात त्या झऱ्यातल्या पुड्या. ज्याला त्या चमकायला हव्या होत्या, त्यानं. आणि भिजवून झाल्यावर, तेच हातमोजे असताना, त्यानं डबा उघडून कोऱ्या पुडीची गाठ दाबून पाहिली. चोरानं तिला हातही लावला नसता. ज्याच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय आहे, तोच लावील."

ताई स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होती.

"गाठ शेवटी बघायची," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं. काहीही झालं तरी शेवटी गाठ बघायची."

"हो."

"मला आठवतही नाही बघितल्याचं."

"आठवायचं नसतंच ते. म्हणूनच शिकवतात."

मग ती बोलली, फार नाही. पुड्या काळ्या येत होत्या आणि सभा जवळ आली होती. तिला लहानपणापासून ठाऊक होतं की वर पाऊस झाला की झरा गढूळ होतो. वस्तीत हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण ठाऊक असणं वकिलापुढे चालत नाही. तिनं भांड्यात कूलंट ओतलं, पुड्या बुडवल्या, थोडं सांडलं ते पुसलं. मांजर आत आलेली तिला दिसली होती. तिनं हाकलली होती, पण उशिरा. एवढं सांगताना ती पहिल्यांदा दाराकडे वळली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, मला माहीत नव्हतं ते विष असतं."

ड्रायव्हर उठून निघून गेला.

नानांनी खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि निळा दिवा तिच्यावर धरला. हिरवा, फिकट, पण स्वच्छ हिरवा.

"ही कुठली?" ताईनं विचारलं.

"त्याच दिवशी तू टांगलेली. मी काल काढली. कापड वाळवून पाहिलं, खडखडीत सुकलं. हा रंगारीचाच रंग आहे. ओढ्याचं पाणी झऱ्यात येतं, ताई. कोरडे दिवस आहेत, म्हणून रंगाला उशीर लागला. नुसती थांबली असतीस तर…"

ताईनं बाटली हातात घेतली. कितीतरी वेळ ती त्या रंगाकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडून निघालेला आवाज हसण्याचा की कशाचा, ते बाहेर बसलेल्या रंगारीलाही कळलं नाही. त्या दिवसापासून त्यानं तिच्याविरुद्ध कधी शब्द काढला नाही. काढण्यासारखं उरलंही नव्हतं.

"मग हे सांगा त्यांना," ती म्हणाली. "माझं जे व्हायचं ते होऊ द्या. पण हे सांगा."

६

नानांनी सांगितलं. सभेत उभं राहून दोन्ही गोष्टी सांगितल्या, पहिली चाचणी खोटी कशी आणि शेवटची पुडी खरी कशी. अहवाल त्यांनी स्वतः लिहिला होता, त्यात एक अक्षर झाकलं नव्हतं. सदस्यांपैकी काहीजण ऐकत होते, काहीजण पाण्याच्या बाटल्यांची झाकणं फिरवत होते.

वकिलानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याला फार प्रश्न नव्हते.

"ही शेवटची पुडी झऱ्यात कोणी टांगली होती?"

"तिनंच."

"बांधली कोणी?"

"तिनंच."

"बरं," वकील म्हणाला आणि बसला.

डेपो मंजूर झाला. विरोधात हात वर झाले ते इतके थोडे की मोजायलाही कोणी उठलं नाही. साहेबांनी केंद्राच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली. ताईला त्याच आठवड्यात काढून टाकलं.

पुढच्या महिन्यात नाना पुन्हा तिकडे गेले. काम काही नव्हतं. टेकडीवर गाड्यांची वर्दळ सुरू झाली होती. वस्तीत ताईच्या आईचं घर झऱ्याला अगदी लागून होतं. ताई आत होती, बाहेर आली नाही. म्हातारीनं नानांना ओट्यावर बसवलं आणि ग्लासभर पाणी दिलं. नानांनी ते प्यायलं. थंड होतं, चांगलं होतं.

"तुम्हीच तिचे गुरुजी ना?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

"काम चांगलं शिकली होती, म्हणतात."

"फार चांगलं."

म्हातारीनं टेकडीकडे पाहिलं. वरून एका गाडीचा फाळका आपटल्याचा आवाज आला.

"तो रंग यायला जेवढे दिवस लागले," ती म्हणाली, "तेवढेच दिवस त्यालाही लागतील का? ते वरचं खाली यायला?"

नानांना हा प्रश्न सभेत कोणी विचारला नव्हता. उत्तर मात्र त्यांच्याजवळ होतं. खरी निघालेली ती एक पुडी अजून एवढ्याच कामाची उरली होती.

"साधारण तेवढेच," ते म्हणाले.

"आणि पाऊस लागला की?"

"मग त्याहून कमी."

म्हातारीनं मान हलवली. गुडघ्यांवर हात टेकून ती उठली, घरात गेली आणि कळश्या, बादल्या, डबे, होती नव्हती तेवढी सगळी भांडी एकेक करून बाहेर काढू लागली. तिनं आत हाक मारली नाही. तरी थोड्या वेळानं ताई बाहेर आली, आईच्या हातातली बादली घेतली आणि झऱ्याखाली लावली.

भरल्यावर तिनं झाकण घातलं, आणि अंगठ्यानं ते दाबून पाहिलं.